चार नंबरची फिल्म

आमच्या बाबांना कुठलीही वस्तू उजेडात धरून बघायची खोड आहे. बाबा म्हणजे माझे सासरे, बाबूराव. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये एकतीस वर्षं चेकर होते. काचेचं टेबल, काचेखाली बल्ब आणि काचेवरून सरकत जाणारं कापड. तुटलेला धागा, आलेली गाठ, तेलाचा डाग, बाबांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. थानावर, म्हणजे कापडाच्या अख्ख्या ताग्यावर, शिक्का मारायचा अधिकार त्यांचा. पास, नाहीतर सेकंड. मग मिलला कुलूप लागलं आणि बाबा घर तपासायला लागले. मी केलेली पोळी खिडकीकडे वळून उजेडात धरतात आणि म्हणतात, "सूनबाई, इथे जरा जाड राहिलीय हो."

पहिलं वर्ष मी ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, "बाबा, पोळी खायची असते, पास करायची नसते." ते खो खो हसले आणि दुसरी पोळी उजेडात धरली. मी तापट आहे हे आमच्या सगळ्या परदेशीपुरा मोहल्ल्याला माहीत आहे, पण या माणसावर चिडून काही उपयोग नसतो.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं, पुढचं सगळं त्यांना ठाऊकच आहे. बिचारी वगैरे. बिचारी-बिचारी काही नव्हते मी! मूल मला हवं होतं, अगदी जिवापासून हवं होतं. रस्त्यात कुणाचंही गुटगुटीत पोर दिसलं की हात शिवशिवायचे. पण म्हणून तोंड लपवून बसले नव्हते. शेजारच्या वहिनींनी "काय अंबिका, काही विशेष?" असं विचारलं की मी सांगायचे, "हो, आज भरली दोडकी."

शेवटी पंचाण्णव साली आम्ही डॉक्टर अरुंधतीबाईंकडे गेलो. बाईंनी आधी दिवाकरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तपासणी करून घेतली. त्याचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. सगळं ठीक. एक कागद, दोन ओळी. आणि माझी फाइल जी उघडली ती काही मिटेना. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त, एकविसाव्या दिवशी रक्त, थायरॉइडसाठी रक्त, आणखी कसल्याशा हार्मोनसाठी उपाशीपोटी रक्त. मी दिवाकरला म्हटलं, "तुझा एक कागद आणि माझं पुस्तक. हा कुठला न्याय?" तर म्हणतो, "अगं, तुझ्यात पार्ट जास्त आहेत." पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे ना, त्याला जिथे तिथे पार्टच दिसतात.

त्या कारखान्यात रजा मागितली की सुपरवायझरचं तोंड वाकडं व्हायचं. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. मग माझ्याबरोबर तपासणीला कोण येणार? बाबा! सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्याला घेऊन असल्या तपासण्यांना जायचं! पण बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, पाण्याची बाटली भरली आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "चार वर्षांनी सकाळी नऊला कामावर निघालोय, सूनबाई. चला, टेम्पो मिळणार नाही नंतर." मी चपला घातल्या.

बाईंच्या खोलीत भिंतीला एक्सरे बघायचा उजेडाचा डबा लावलेला होता. बाबांनी अर्ध्या उघड्या दारातून तो बघितला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "अरे! हे तर आमचं टेबल! उभं केलंय फक्त."

मग आली सोनोग्राफी. ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको. पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायचं, लघवीला जायचं नाही आणि नंबर येईपर्यंत बसून राहायचं. आम्ही आठ-दहा बायका एका बाकावर, प्रत्येकीच्या हातात बाटली, आणि बरोबर अकरा वाजता वीज गेली. तेव्हा इंदुरात वीज जायला काही कारण लागत नसे. जनरेटर होता, पण डिझेल आणायला माणूस गेला होता. कंपाउंडर म्हणाला, "बस, दस मिनट, भैनजी." त्याची दहा मिनिटं पाऊण तास चालली.

माझ्या शेजारी एक ठेंगणी, तजेलदार बाई पाय एकमेकांवर घट्ट टाकून बसली होती. ती मला म्हणाली, "ताई, मला हसवू नका हं. हसले की गेलं सगळं."

"मी कुठे काय बोलले?"

"तेच तर! तुम्ही असं तोंड करून बसलाय ना, तेच बघून हसू येतंय."

एवढ्यात समोरच्या खुर्चीवरून बाबा पेपर बाजूला ठेवून उठले आणि अतिशय काळजीने म्हणाले, "सूनबाई, आणखी पाणी आणू का?"

"नको!" सगळा बाक एका आवाजात ओरडला. मग जे हसू फुटलं ते फुटलं. दोघी-तिघींना धावतच जावं लागलं आणि त्या बिचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून पाणी प्यावं लागलं.

ती बाई म्हणजे सुहासिनी. महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूर आहे, तिथली. तिच्या नवऱ्याचं, संताजीचं, रस्त्यालगत टायर-पंक्चरचं दुकान. लग्नाला नऊ वर्षं. ती हसत हसत सांगत होती, "ताई, दुकानात थांबणारा प्रत्येक ड्रायव्हर काहीतरी आणून देतो. कुणी पंजाबचा प्रसाद, कुणी राजस्थानचा अंगारा. पूरा हिंदुस्तान माझ्या पोटाची फिकीर करतोय!" फक्त सासूला काही कळू द्यायचं नव्हतं. सासूला काय सांगून आलीस, विचारलं तर म्हणाली, "दात दुखतोय म्हणून. तीन महिन्यांत माझे अकरा दात दुखलेत."

सोनोग्राफीत दोघींचंही काही वावगं निघालं नाही. मग राहिली नळ्यांची तपासणी. अरुंधतीबाईंनी मला आणि रजा काढून आलेल्या दिवाकरला कागदावर चित्र काढून समजावलं. मधे गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या. खालून औषध सोडायचं आणि एक्सरे काढायचे. औषध नळीतून पार पलीकडे उतरलं तर वाट मोकळी. "एक जरी उघडी असली तरी भरपूर आशा आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही बंद निघाल्या तर मात्र गोळ्या-इंजेक्शनांनी काम व्हायचं नाही, अंबिका. मग मुंबईला जाऊन टेस्ट ट्यूब." मुंबईचं नाव निघालं तसा दिवाकर खिसा चाचपायला लागला. त्यावरूनच मला कळलं की आमच्यासाठी सगळं या एका तपासणीवर आहे.

तपासणीच्या दिवशी एक्सरे सेंटरवर माझा नंबर चार आणि सुहासिनीचा पाच. कपडे बदलायच्या खोलीत दोघी हिरवे डगले घालून उभ्या होतो. अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं होतं. बांगड्या, मंगळसूत्र, पिना, सगळं रुमालात बांधलं. सुहासिनीने डगला जरा वर करून मला दाखवलं, तर कमरेला काळा दोरा आणि त्यात चांदीचं ताबीज, करंगळीच्या पेराएवढं.

"अगं बाई, काढा ना ते!"

"नाही काढत. नऊ वर्षांत एकदा सुटलं नाही. ऐन वेळेला काढू? तुम्ही बोलू नका कुणाला." आणि तिने ते दोऱ्यावरून सरकवून खाली लपवलं.

मग नेहमीप्रमाणे वीज गेली. आली तेव्हा एक वाजला होता. दीडची बस चुकली तर सुहासिनीला घरी पोचायला संध्याकाळ होणार आणि दाताचं सोंग उघडं पडणार. ती घड्याळ बघून रडकुंडीला आली. मी म्हटलं, "जा तुम्ही माझ्या नंबरवर. मला काय, टेम्पोने घरी जायचंय." आतून "चार नंबर!" अशी हाक आली आणि ती गेली. पाच नंबरला मी गेले. नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उलट, काय मोठ्ठं चांगलं काम केलं म्हणून स्वतःवरच खूश होते.

तपासणी दुखते का? दुखते. खोटं कशाला सांगू? मी टेबलाची कड धरून छताकडे बघत होते आणि मनातल्या मनात अशा शिव्या देत होते की पाटणीपुऱ्याच्या चौकात उभी राहून दिल्या असत्या तर गर्दी जमली असती. पाच-सात मिनिटांत संपलं. बाहेर बाबा केळं सोलून हातात धरून उभे होते.

शनिवारी दिवाकर रिपोर्ट घेऊन आला. दारातच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. दोन्ही नळ्या बंद. अरुंधतीबाई भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलेल्या, आठ दिवस येणार नव्हत्या. म्हणजे आठ दिवस तो कागद आणि आम्ही.

मी स्वयंपाकघरात गेले, दाणे भाजायला घेतले आणि जाळून कोळसा केले. मग तिथेच ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. इतकी रडले की मला माझीच भीती वाटली. दिवाकर जवळ येऊन बसला. जळक्या दाण्यांची साल काढत राहिला. "मुंबईला जाऊ," असं शेवटी म्हणाला आणि ते आम्हाला जमणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी सकाळी उठून बघते तर काय! बाबा खिडकीत उभे आणि माझी फिल्म दोन्ही हातांनी उजेडात धरलेली!

माझं डोकं फिरलं. आदल्या दिवशीचं सगळं दुःख रागात निघालं. "बाबा! ठेवा ती खाली! ती पोळी नाही! आणि मी काय थान आहे का, सेकंडचा शिक्का मारायला?"

बाबा वळले. त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर झोपले नसावेत. पण आवाज शांत होता. "नळ्याबिळ्या मला कळत नाहीत, सूनबाई. मला फक्त एवढंच सांगा, हे काय आहे?" आणि फिल्मच्या एका कडेला बोट ठेवलं. "हाड नाही हे. कडा बघा किती साफ आहेत. हे धातूचं आहे. तुम्ही कमरेला काही बांधता का?"

मी जवळ जाऊन बघितलं. करंगळीच्या पेराएवढी पांढरीशुभ्र नळकांडी. वर दोन बारीक कड्या.

"बाबा," मी म्हटलं, "ही मी नाही."

सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं. नंबर चार, नंबर पाच, दीडची बस. मी आनंदाने ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण ही फिल्म माझी नाही तर ती सुहासिनीची. आणि सुहासिनीच्या हातात माझी.

सोमवारी सेंटरवर गेलो. मी तिथे काय काय बोलले ते लिहीत नाही. रजिस्टरमध्ये चारसमोर अंबिका आणि पाचसमोर सुहासिनी, पाकिटांवर नावं रजिस्टर बघून घातलेली. सेंटरचे डॉक्टर घाबरून म्हणाले, "दोन्ही फिल्म आणा, लगेच नवे रिपोर्ट करून देतो." सुहासिनीकडे फोन नव्हता. ती पंधरा दिवसांनी येईल तेव्हा सांगू, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, "चुकीचा माल दुकानात गेला तर गिऱ्हाईक परत यायची वाट बघतात का? आपण जाऊन आणायचा."

मंगळवारी आम्ही सरवटे स्टँडवरून बसमध्ये बसलो. बाबांनी पाकीट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. राऊ गेलं, महूला बस अर्धी रिकामी झाली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण दिसत काही नव्हतं. माझं नशीब मानपूरला कुणाच्या तरी कपाटात पडलं होतं. माझ्या उघड्या असू देत, उघड्या असू देत, असं मी मनात घोकत होते आणि प्रत्येक वेळी स्वतःची लाज वाटत होती. कारण सुहासिनीचं काय ते बाबांच्या मांडीवर होतं. तिला अजून ठाऊक नव्हतं, मला होतं.

दुकान लांबूनच दिसलं. टायरांची चळत, हवा भरायचं मशीन आणि एक ट्रक. सुहासिनी बाहेर बाजेवर गहू निवडत होती. मला बघितलं आणि सूप टाकून धावतच आली.

"ताई! अहो ताई! तुम्हाला कसं कळलं? दोन्ही उघड्या निघाल्या! दोन्ही!" आणि मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडात पेढा.

सात वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघत होते ते कानावर पडले होते. माझेच होते ते. आणि मला हसता येईना, पेढा गिळता येईना.

ती बोलतच होती. सासूला सगळं सांगून टाकलं होतं. सासूने तिला जवळ घेतलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा. गल्लीत पेढे वाटले, थांबलेल्या ट्रकवाल्यांना वाटले. संताजी हात पुसत आला, मला नमस्कार केला, चहा सांगायला वळला. बाबांनी घसा खाकरला. "पोरी, जरा बस. एक सांगायचंय..."

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "नंबर मी दिला होता. मीच सांगते."

आणि सांगितलं. बाजेवर तिच्याजवळ बसून, तिचा हात हातात धरून, काही न लपवता. संताजी तिथेच उभा राहिला. पलीकडे मशीन फटफट करत होतं, ते त्याने जाऊन बंद केलं.

सुहासिनीने टॉवेलातलं पाकीट मागून घेतलं, फिल्म काढली आणि आकाशाकडे धरली. ते नळकांडं तिला लगेच दिसलं. तिचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"माझंच आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षांत याने एवढं एकच काम केलं बघा. खरं सांगितलं."

मला वाटलं, आता ही कोसळणार. पण तिने मान वर केली आणि मला विचारलं, "म्हणजे तुमच्या उघड्या आहेत? नक्की?"

"तुझ्या पाकिटात माझी फिल्म असेल, तर हो."

ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. बाबांनी फिल्म उजेडात धरली. नळकांडं नव्हतं. दोन्ही बाजूंना बारीक रेघा आणि रेघांच्या टोकांशी पसरलेलं औषध, बाईंनी चित्रात काढलं होतं अगदी तसं. मग त्यांनी ती संताजीकडे दिली.

सुहासिनी पुन्हा आत गेली आणि एक छोटा डबा घेऊन आली. "हे तुमच्यासाठी बाजूला ठेवले होते. नंबर दिलात म्हणून." डबा माझ्या मांडीवर ठेवता ठेवता तिला हसू आलं. "काय बाई मी तरी! अख्ख्या मानपुरात तुमचे पेढे वाटले की हो! घ्या, उरलेले तरी तुमचे तुम्ही खा." आणि हसता हसताच ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मग मीही रडले. तिच्यासाठी रडले आणि माझ्या आनंदानेही रडले. दोन्ही एकदम होत होतं, वेगळं कसं करणार?

जरा वेळाने बाबा म्हणाले, "एक बोलू का? एकतीस वर्षांत मी एकदा बघून सेकंडचा शिक्का कधी मारला नाही. दुसऱ्यांदा, दुसऱ्या उजेडात बघायचो. किती थानं पास निघाली."

"बाबा, ती थान नाहीये!"

"बोलू द्या ना ताई," सुहासिनी नाक पुसत म्हणाली. "मला बरं वाटतंय ऐकून."

आणि गंमत म्हणजे पुण्याहून परत आल्यावर अरुंधतीबाई तेच म्हणाल्या. घाबरून अंग आवळलं की उघडी नळीसुद्धा कधी कधी बंद दिसते. आणि त्या दिवशी दीडच्या बसच्या धास्तीने सुहासिनी अंग किती आवळून आत गेली होती ते मी बघितलंच होतं. पुढच्या महिन्यात अंग सैल पडायचं इंजेक्शन देऊन पुन्हा तपासू, बाई म्हणाल्या. खात्री मात्र कसलीच दिली नाही.

त्या दुसऱ्या तपासणीला सुहासिनी, संताजी, मी आणि बाबा, सगळे सेंटरवर हजर. बस कितीची आहे ते विचारायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं. सासूला खरं सांगून आली होती. सासूने डब्यात पोळीभाजी बांधून दिली होती. बाबा एक्सरेच्या दारापाशी उभे राहून आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होते, "नाव काय बाळ तुझं? पूर्ण सांग." आणि समोर उभं राहून कंपाउंडरकडून पाकिटावर लिहून घेत होते. कंपाउंडर वैतागला होता, पण डॉक्टरांनी त्याला गप्प बसायची खूण केली.

नंबर यायच्या आधी मी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. सुहासिनी दचकली. "ताई, अजून रिपोर्ट कुठे आलाय?"

"रिपोर्टचे नाहीत हे. तुझे आहेत. तू माझे वाटलेस, मी तुझे वाटणार." आणि खरंच त्या बाकावरच्या सगळ्या बायकांना वाटले. बाबांनी त्यांचा पेढा खिडकीकडे धरून बघितला आणि मग खाल्ला. पुडा रिकामा झाला.

आतून पूर्ण नावाने हाक आली. सुहासिनी उठली, कमरेचा काळा दोरा सोडला आणि ताबीज माझ्या हातात दिलं. "सांभाळा," एवढंच म्हणाली. मी मूठ मिटून बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक, पण मूठ उघडली तेव्हा तळहातावर त्याच्या दोन्ही कड्या उमटल्या होत्या.

ती बाहेर आली, तिच्या पाठोपाठ डॉक्टर आले. "उजवी बंदच आहे," ते म्हणाले. संताजीने मान खाली घातली. "डावी उघडी आहे. औषध पार गेलंय. एक उघडी असली की पुष्कळ झालं."

सुहासिनीने दोन्ही हातांनी माझे गाल असे दाबले की दुखले. संताजी भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि बाबा त्याच्या पाठीवर थापटत होते.

"ताई, पेढे?" सुहासिनी म्हणाली.

"संपले."

"संपले? अहो, आता तर हवे होते!"

संताजी डोळे पुसत पेढे आणायला चौकात पळाला. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. आम्ही दोघींनी ती सगळी रिकामी केली आणि मग कुणालाही न विचारता, हातात हात घालून, लघवीला जाऊन आलो.